कसबा बावड्याची काळी माती आणि घरामागचे निवांत परडे

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात वीस फूट उंचीचे दुमजली घर. घराच्या उत्तरेला परडे, पूर्व-पश्चिम तीस फूट आणि दक्षिण-उत्तर वीस फूट. माती काळी. पूर्वेच्या बाजूला धुण्याचा दगड, नळ आणि सेप्टिक टँक, ईशान्येच्या कोपऱ्यात जुना नारळ. पश्चिमेला शेजाऱ्यांचे दुमजली घर, त्यांच्या वरच्या खिडक्या थेट तुमच्या परड्यावर. सत्तरीतल्या आई-वडिलांना संध्याकाळी तिथे निवांत बसता यावे, एवढीच इच्छा. कंत्राटदाराने दिलेल्या आराखड्यात सगळीकडे लॉन, मधोमध कारंजे, वायव्येच्या कोपऱ्यात पत्र्याचे छत घातलेला गझिबो आणि नारळ तोडणे, एवढे आहे. हे करावे का?

करू नका. बागेचे काम झाडांपासून किंवा लॉनपासून सुरू करायचे नसते, बसायच्या जागेपासून सुरू करायचे असते. आई-वडील नेमके कुठे बसणार, तोंड कुठे करणार, पाठीशी काय असणार, हे आधी ठरवा. सावली, झाड, पाणी, दिवा या बाकीच्या गोष्टी त्या जागेवरून बघत बघत ठरवायच्या. तुमच्या आराखड्यात बसायची जागा सगळ्यात शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात टाकलेली दिसते. त्यामुळे फोटोत छान दिसेल, पण आई-वडील तिथे जाऊन बसणार नाहीत.

आधी ऊन समजून घेऊ, कारण तुमचे परडे घराच्या उत्तरेला आहे आणि सगळा हिशेब त्यावर फिरतो. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर येते. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर असतो, तोही दक्षिणेकडे कललेला. म्हणजे वीस फूट उंच घराची सावली उत्तरेकडे जवळजवळ सतरा फूट पडते. तुमच्या वीस फुटांपैकी कुंपणालगतची तीन फुटांची पट्टी सोडली, तर हिवाळ्यात दुपारचे ऊन कुठेच नाही. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मात्र सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. त्या काळात घराची सावली परड्याच्या उपयोगी पडत नाही, आणि संध्याकाळचे तिरपे ऊन पश्चिम-वायव्येकडून आत येते.

आता लॉन बघा. ज्याला आपल्याकडे मेक्सिकन लॉन म्हणतात त्याला रोज निदान पाच-सहा तास ऊन लागते. नोव्हेंबर ते जानेवारी ते मिळणार नाही, गवत पिवळे पडून विरळ होईल आणि त्या विरळीत लव्हाळा घुसेल. काळ्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी एकदा शिरल्या की खुरपून निघत नाहीत, तुटून दुप्पट होतात. एप्रिल-मेमध्ये उलटा ताप. रोजचे पाच मिलिमीटर पाणी धरले तरी सहाशे चौरस फुटांना दिवसाला पावणेतीनशे लिटर लागते. सत्तरीतल्या माणसांच्या निवांतपणासाठी रोज पाइप धरून उभे राहायचे, यात निवांतपणा कुठे राहिला? आईंना अनवाणी चालायला गवत हवेच असेल, तर उत्तरेच्या पट्टीत हात-दोन हात रुंदीची साधी हरळी ठेवा. पूजेला दुर्वाही मिळतील.

बसायची जागा मी नैऋत्येच्या कोपऱ्यात घेईन, घराच्या मागच्या भिंतीशी, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. कारणे सांगतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा आणि झड पश्चिम-नैऋत्येकडून येते. तिथे एका बाजूला तुमचे घर आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचे घर आडोसा देते. दुपारी चार-पाचनंतरचे ऊन शेजाऱ्यांच्या घराआड जाऊ लागते. दारातून चहाचा कप घेऊन आठ-दहा पावलांत पोचता येते, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण लांबच्या कोपऱ्यातली जागा कितीही देखणी असली तरी ती पहिल्या महिन्यानंतर ओस पडते. शिवाय या कोपऱ्यात बसून ईशान्येकडे तोंड केले की नजर कर्णरेषेवर जाते, आणि तीस बाय वीसच्या जागेचा कर्ण छत्तीस फूट भरतो. एवढ्याशा परड्यात यापेक्षा लांब नजर दुसरीकडून मिळणार नाही. थंडीतल्या सकाळी कोवळे ऊन खायला मात्र ही जागा उपयोगाची नाही, त्यासाठी पुढच्या अंगणातच खुर्च्या टाकाव्या लागतील.

बसायला कट्टा करा. कोल्हापूरच्या माणसाला कट्ट्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. उंची अठरा इंच, खोली वीस इंच, वर शहाबादी फरशी, पाणी थांबू नये म्हणून पुढे किंचित उतार. पण नुसता कट्टा म्हाताऱ्या गुडघ्यांना पुरत नाही. उठताना धरायला हात असलेली एक लाकडी खुर्ची शेजारी कायम असू द्या. कट्ट्याचे बांधकाम घराच्या भिंतीत गुंतवू नका. घराचा पाया खोल, कट्ट्याचा उथळ. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि दोन्ही बांधकामे वेगवेगळी हलतात. मधे अर्ध्या इंचाची फट ठेवली नाही तर दुसऱ्या उन्हाळ्यात तडा दिसलाच म्हणून समजा.

काळ्या मातीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण परड्यावर केलेला खर्च इथेच वाया जातो. पाचगाव, मोरेवाडीकडच्या वरच्या अंगाला थोडे खणले की मुरूम लागतो. तुमच्याकडे नदीकाठची भारी जमीन आहे. तिच्यावर थेट काँक्रीट ओतले तर ते फुटते, थेट फरशी बसवली तर वर्षभरात पाट्यावरवंट्यासारखी खालीवर होते. जिथे चालायचे आणि बसायचे तेवढीच जागा नऊ ते बारा इंच खोदून काळी माती बाहेर काढा. मुरूम चार-चार इंचांच्या थरांनी भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोका, मग दोन इंच खडीचा चुरा, आणि त्यावर फरशी सुकीच बसवा, सिमेंटमध्ये नको. एखादी फरशी दबली तर उचलून खाली मूठभर चुरा टाकता येतो. सिमेंटने जाम केलेली फरशी फोडूनच काढावी लागते. कंत्राटदाराला या थरांची जाडी कागदावर लिहून मागा, आणि फरशी बसण्याआधी स्वतः खड्ड्यात फूटपट्टी धरून बघा. वरचे काम सगळ्यांना दिसते, खालचे त्या एकाच दिवशी दिसते.

कडप्पा घेऊ नका, काळा असल्याने उन्हात भाजतो. गुळगुळीत टाइल तर नकोच. पावसाळ्यात शेवाळ धरून पाय घसरतो आणि या वयात एक पडणे फार महाग जाते. खडबडीत शहाबादी चांगली. जुन्या वाड्यांचे घडीव काळे दगड कुठे मिळाले तर पायवाटेला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. त्यांच्यावरचे टाकीचे घाव जुने असले तरी पावलाला पकड देतात.

पाण्याचा निचरा हा दुसरा कळीचा मुद्दा. एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही दिसत असेल तर समजा, जमीन पाणी घेत नाही, चर काढावाच लागेल. गच्चीचे पाइप कुठे सुटतात तेही बघा. हजार चौरस फूट गच्चीवर एक इंच पाऊस पडला की तेवीसशे लिटर पाणी खाली येते. ते परड्यात सुटत असेल तर आधी बंद पाइपने टाकीत किंवा गटारीत न्या. फरशीला दर आठ फुटांना एक इंच उतार द्या, तोही घराकडून कुंपणाकडे. उत्तरेच्या भिंतीलगत फूटभर रुंद, दीड फूट खोल चर काढून त्यात छिद्रांचा पाइप आणि खडी भरा, आणि त्याचे तोंड रस्त्याकडच्या गटारीला काढा. काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात भरून बसतो, त्यावर विसंबू नका.

बावड्याचा माणूस पुराबद्दल विचारणारच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे तिथे पोरासोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ मध्ये तुमच्या परड्यात पाणी आले नसले तरी जमीन कित्येक दिवस वाफशावर येत नाही, म्हणजे जास्तीची ओल ओसरत नाही. त्यामुळे मुळाशी पाणी सोसणारी झाडे कोणती आणि न सोसणारी कोणती हे बघूनच निवड करायची. सोनचाफा, साधा चाफा, पपई, लिंबू यांना साचलेले पाणी चालत नाही. ताम्हण, करंज, जांभूळ सोसतात, पण सहाशे फुटांत करंज-जांभळाला जागा नाही.

तुम्हाला मोठे झाड एकच बसेल, आणि मी बकुळ लावेन. वायव्येला, पश्चिमेच्या भिंतीपासून सात फूट आणि उत्तरेच्या भिंतीपासूनही सात फूट सोडून. तिथून ते एप्रिल-मेचे तिरपे ऊन अडवेल आणि घराच्या पायापासून तेरा फूट लांब राहील. बकुळ सावकाश वाढते, हे खरे. पण ती बारमाही हिरवी, फांदी चिवट, वळवाच्या वाऱ्यात शेवग्या-गुलमोहरासारखी मोडून अंगावर येत नाही. फुले सुकली तरी वास धरून राहतात, बहरात आईंना गजऱ्याला रोज मूठभर मिळतील. मोठे, पाच-सहा फुटांचे रोप आणा, म्हणजे सुरुवातीची वर्षे वाचतात. सप्तपर्णी मात्र कोणी कितीही सांगितली तरी घरामागे नको. तिच्या बहराचा उग्र दर्प बंद खिडक्यांतूनही आत येतो. जुन्या झाडांखालचा गारवा म्हणजे काय हे कंत्राटदाराला समजावायचे असेल तर त्याला मे महिन्यात टाउन हॉलच्या बागेत दुपारी घेऊन जा.

काळ्या मातीत झाड लावायची रीत वेगळी आहे. बऱ्याच जणांना वाटते, दोन फूट खड्डा घेऊन काळी माती फेकून द्यावी आणि पोयटा, कोकोपीट, शेणखत भरावे. पावसाळ्यात आजूबाजूची जमीन पाणी घेत नाही, सगळे पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात उतरते आणि मुळ्या कुजतात. निघालेली माती दोन भाग, पोयटा एक भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग असे मिसळून तेच परत भरा, आणि खड्ड्याच्या वर फूटभर उंचवटा करून रोप त्या उंचवट्यावर लावा. पावसाचे पाणी बाजूला निघून जाते. खड्डे मेमध्ये खोदून पंधरा दिवस उन्हात तापू द्या, लागवड मृगाच्या पावसावर. बुडाशी तीन-चार इंच उसाचे पाचट पसरा, बावड्यात पाचटाला तोटा नाही. खोडाला मात्र चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी लागते. जुलैनंतर त्याच पाचटाखाली गोगलगायी दडतात, तेव्हा थर पातळ करा आणि संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचून मिठाच्या पाण्यात टाका. साखर कारखान्याचे मळीखत मिळत असेल तर पूर्ण कुजलेलेच घ्या, ओली मळी तापते आणि मुळ्या जाळते.

शेजाऱ्यांच्या खिडक्यांसाठी लोक कुंपण उंच करत सुटतात. वरच्या मजल्याची नजर भिंतीवरून येते, भिंत दोन फुटांनी वाढवून ती अडत नाही. आडोसा जितका बसणाऱ्याच्या जवळ तितका तो जास्त झाकतो. कट्ट्यावर दहा बाय आठ फुटांचा, आठ फूट उंच मांडव घाला, खिडक्यांचा प्रश्न तिथेच मिटतो आणि ऊनही अडते. खांब दोन इंची जीआय पाइपचे, पाया काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत, निदान अडीच-तीन फूट. एप्रिल-मेच्या वळवाला गारांसह येणारा वारा आखूड पायाचा मांडव उपटून टाकतो. लाकूड हवेच असेल तर सागवान, पण खांब मातीत रोवू नका, दगडी बैठकीवर लोखंडी बुटात बसवा. त्यावर मधुमालती चढवा, तीही उत्तरेकडच्या खांबाला, कारण ऊन तिकडून मिळते. दोन पावसाळ्यांत मांडव झाकते, पांढरी-लाल फुले आणि रात्रीचा मंद वास. दर वर्षी थंडी सरताना कसून छाटा, नाहीतर वजनाने मांडव वाकतो. छत हवेच असेल तर मंगलोरी कौले घ्या. पत्र्याखाली आषाढाच्या पावसात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही, आणि मग तिथे बसायचे कशाला?

सुगंध एकदम सगळा नको, ऋतूंना वाटून द्या. उत्तरेच्या उन्हाच्या पट्टीत मोगऱ्याच्या बारा इंची कुंड्या ठेवा. चैत्र-वैशाखात कळ्या धरल्या की दोन कुंड्या संध्याकाळी उचलून कट्ट्याजवळ आणायच्या, बहर ओसरला की परत पट्टीत. पावसाळ्यात जाई, शरदात प्राजक्त, थंडीत कुंद. रातराणी लावायची तर कट्ट्यापासून पंधरा-वीस फूट लांब, जवळून तिचा वास डोके धरतो. तिच्या वासाला साप येतो ही समजूत खोटी आहे. साप उंदीर-बेडकांमागे येतो. म्हणून विटांचे ढीग, नारळाच्या झावळ्या, जुनी लाकडे परड्यात साठवू नका. कण्हेर सगळीच विषारी असते, नातवंडे येत असतील तर टाळा. कुंपणाला वेडेलिया कोणी फुकट दिली तरी घेऊ नका, ती सगळे परडे गिळते. सावलीतल्या मोकळ्या मातीवर स्पायडर प्लांट, नेचे आणि ओलाव्याच्या जागी ब्राह्मी पुरेशी आहे.

पूर्वेचा धुण्याचा दगड तसाच राहू द्या, आईंना तो लागतो. कट्ट्यावरून दिसू नये म्हणून चार फुटांची जाळीदार विटांची भिंत आणि तिच्यामागे कर्दळ, आळू, केळी. साबणाचे पाणी ही झाडे सोसतात, पण लिंबू-कढीलिंबाला देऊ नका, आणि एकाच जागी वर्षानुवर्षे सोडू नका. साबणातला सोडा काळी माती आणखी चिकट करतो. सेप्टिक टँकवर झाड किंवा पक्के बांधकाम नको, झाकण उघडता आले पाहिजे. तिथे हलवता येणाऱ्या कुंड्या ठेवा.

नारळ तोडायचे तर १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते. पण तोडायचाच कशाला? बसायची जागा नैऋत्येला गेल्यावर तो तुमच्यापासून तीस-पस्तीस फूट लांब आहे आणि नजरेच्या टोकाला उभा आहे. पाडणारा माणूस बोलावून मृगाआधी आणि दिवाळीआधी नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्या, एवढे पुरे.

कारंज्याऐवजी दगडी डोण, म्हणजे दगडात कोरलेले पाण्याचे पात्र, ठेवा. कट्ट्यापासून सहा-सात फुटांवर, वरून चार-पाच इंचांवरून पडणारी पाण्याची एकच धार, खाली झाकलेली छोटी टाकी आणि लहान पंप. उंच उडणारे कारंजे वाऱ्याने पाणी उडवते आणि त्याचा आवाज बोलण्याच्या आड येतो. बारीक धार रस्त्याच्या आवाजावरून लक्ष काढून घेते, हे काम झाडांच्या कुंपणाने होत नाही. हिरवे कुंपण नजर अडवते, आवाज फारसा नाही. पंप रात्री बंद राहणार असेल तर डोणीत गप्पी मासे सोडा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून उडायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून कुंड्यांखालच्या बशाही आठवड्याला रिकाम्या करून घासा. पक्ष्यांसाठी दोन इंच खोलीचे पसरट मातीचे भांडे बकुळीखाली, पाणी रोज बदलून.

दिवे थोडे आणि खाली. पायवाटेच्या कडेला गुडघ्याच्या उंचीवर, पिवळसर, ३००० केल्विनच्या आतले, आणि प्रकाश जमिनीवर पडेल असे. पांढऱ्या झगझगीत दिव्याखाली पावसाळ्यात किडे बसू देत नाहीत. वायर पाइपमधूनच न्या, लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) घ्या, आणि हे पाइप फरशी बसवायच्या आधी गाडून ठेवा.

क्रम असा ठेवा: जानेवारी ते मार्च खोदाई, निचरा, वायरचे पाइप, फरशी आणि कट्टा, एप्रिलच्या सुरुवातीला मांडव, वळीव यायच्या आत, मेमध्ये खड्डे, मृगात बकुळ आणि मधुमालती. डोण पहिल्या वर्षी आणूच नका. एक पावसाळा जाऊ द्या, पाणी कुठे थांबते, वडील खुर्ची कुठे सरकवून घेतात ते बघा, आणि मग तिची जागा ठरवा. पैसे कमी पडत असतील तर डोण, दिवे, मोठी कुंडी यांत कपात करा, मुरमाच्या थरात आणि चरात नको.